शेजारचं स्टूल

माझा विश्वास भिंगावर. भिंगातून दिसेल ते खरं, बाकीच्या नुसत्या गप्पा. आईला हे पटायचं नाही, पण आईला माझं काहीच पटायचं नाही.

आमच्या प्रयोगशाळेत अंकुशकृमीवरची लस तयार होत होती. हा जंत अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पीत बसतो. लस घेतलेल्या स्वयंसेवकांच्या दंडावर जिवंत अळ्या सोडायच्या आणि लस लागू पडते का बघायचं, इथवर काम आलं होतं. त्याआधी अळ्या तरतरीत आहेत ना, हे तपासायचं. त्याची रीत सोपी. बशीतल्या ओल्या कागदावर त्या पडून असतात. स्वयंसेवकाने बशीवर हात धरला, की उबेने शेपटीवर उभ्या राहतात आणि हाताकडे डुलायला लागतात. गार वस्तूकडे ढुंकूनही बघत नाहीत.

स्वयंसेवक वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात राहायचे. त्यांच्यात माझा धाकटा भाऊही होता. "ताई, तुझ्या जंतांना घरचं जेवण घालतो," म्हणत त्याने नाव दिलं. मी वरवर रागावले, पण मला त्याचा अभिमान वाटला. घरात आम्ही त्याला बंब म्हणायचो. ऐन थंडीतही त्याचं अंग तापलेलं असायचं.

पहिल्या तपासणीला तो टेबलाशी बसला आणि हात धरला. अळ्या उठल्या, पण तिरक्या. त्याच्या शेजारी एक रिकामं स्टूल होतं, तिकडे झुकल्या.

मी खिडकी लावली, टेबलावरचा दिवा मालवला, बशी फिरवली. अळ्या हळूहळू पुन्हा तिकडेच वळल्या.

"तुझा हात एवढा गार कसा रे?"

"तुमचा एसी."

एसी बंद होता.

पुढच्या खेपेला त्याने स्वेटर घातला होता. वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, छाती तपासली. सगळं ठीक होतं. त्या बाहेर गेल्यावर तो खाली बघत म्हणाला, "ताई, हसू नकोस हं. वॉर्डात सकाळी जाग येते ना, तेव्हा मी गारठलेला असतो. आणि पलंगाची दुसरी कड गरम असते. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी."

मी हसले नाही. सहज म्हणून शेजारच्या स्टुलावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. ते गरम होतं.

डोसच्या, म्हणजे दंडावर अळ्या सोडायच्या दिवशी तो आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज डोस नाही. मी ब्लँकेटं आणते," आणि धावतच गेल्या. दात वाजत असतानाही त्याने सवयीने बशीवर हात धरला.

एकही अळी त्याच्याकडे वळली नाही.

सगळ्या रिकाम्या स्टुलाकडे ताणल्या होत्या, कागदावरून सुटून जातील इतक्या.

"ताई, मला धर ना."

मी त्याला कवटाळलं. ओल्या फरशीला मिठी मारावी तसं वाटलं. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. मग त्या स्टुलाकडे बघून, भिंगावर विश्वास असलेली मी, मोठ्याने म्हणाले, "त्याला सोड. माझ्याकडे ये."

खोलीत काही हललं नाही.

थोड्या वेळाने त्याचे दात वाजायचे थांबले.

"हात बघ," तो म्हणाला. हात गरम होता. बंब पेटला होता. मी रडले, तो हसला, ब्लँकेटं घेऊन आलेल्या बाई दारातच थबकल्या. त्याच दिवशी मी त्याला घरी धाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच कामाला बसले. नवी बशी काढली आणि तिच्यावर हात धरला. बोटं जरा बधिर वाटत होती.

एकही अळी माझ्याकडे वळली नाही. सगळ्या माझ्या डावीकडे झुकल्या.

आदल्या संध्याकाळी घरी जाण्याआधी ते स्टूल मी स्वतः भिंतीकडे सरकवून ठेवलं होतं. आता ते माझ्या गुडघ्याला लागत होतं.