काचेच्या पाठीवर

"हे बघ तुझं कर्तृत्व," असं म्हणत भावाने आक्काच्या कपाशेजारी रुमालात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं आणि रुमालाचं टोक असं हिसडलं, की चहा बशीत सांडला.

आत तळहाताएवढं हिरव्या काचेचं पदक होतं. भोवती सोन्याची पातळ कड, कडेवर ओळीने बसवलेले बारीक माणिक, आणि काचेच्या पोटात एकाच वळणावर वळलेली माशांची झुंड... कालपर्यंत ते मासे पोहत होते. आज त्यांच्या मधून एक भेग गेली होती, साखळी ओवायच्या वरच्या कडीच्या बुंध्यापासून खाली, एखादा केस वाऱ्याने वळावा तशी.

आक्काने भेग पाहिली आणि तिला सगळं कळलं. अशी भेग तिने आयुष्यात आणखी एकदाच पाहिली होती.

"दुपारी हे प्रदर्शनात द्यायचं होतं," भाऊ म्हणाला. "काल संध्याकाळी मी स्वतः कपाटात ठेवलं. सकाळी कपाट कोण उघडतं?"

तयार दागिना स्वयंपाकघरातल्या लोखंडी कपाटात ठेवायची या घराची जुनी पद्धत होती, आणि कपाटातले कप सकाळी सगळ्यांत आधी आक्काच काढत असे.

"वन्सं, खरं ते सांगून टाका," भावजय ओट्यापाशी उभ्या उभ्या म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, सवय होती. "तुमच्या हाताखाली साबणाच्या वड्या टिकत नाहीत, काच काय टिकणार?"

कारखान्याच्या उंबऱ्यात भावाची मुलगी उभी होती. विशीची झाली तरी तिला सगळे चिमणीच म्हणत. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ते मासे तिने कोरले होते. काच कोरायच्या चाकावर बसून पूर्ण केलेलं तिचं ते पहिलंच काम. पाहायला आलेली माणसं म्हणाली होती, तिच्या आजोबांच्या, अप्पांच्या मागे या घरात अशी काच आजच पाहिली.

आक्काला आठवलं... काल दुपारी चिमणी स्वयंपाकघरात आली होती, नळाखाली एक चिंधी भिजवून, घट्ट पिळून परत गेली होती. तेव्हा आक्काला शंका आली होती, पण तिने स्वतःलाच दटावलं, की पोरगी चाक पुसत असेल.

या घरात दोन नियम होते, दोन्ही अप्पांचे. काच बसवल्यावर दागिन्याजवळ आग आणायची नाही, हा पहिला. आणि तयार दागिना ज्याच्या हातून फुटला, तो पुन्हा चाकावर बसणार नाही, हा दुसरा. दुसरा नियम आजवर एकाच माणसाला लागला होता. अठ्ठावीस वर्षं ते माणूस शेजारच्या खोलीतल्या चाकाचा आवाज ऐकत भांडी घाशीत होतं, आणि उंबऱ्यापलीकडे त्याने पाऊल टाकलं नव्हतं.

"बाबा..." चिमणीने तोंड उघडलं.

"माझ्याच हातून," आक्का घाईने म्हणाली. "कप काढताना पदकाची डबी खाली आली. पदक बाहेर उडालं."

"आत्या!"

"तू गप गं. मोठ्यांच्या बोलण्यात पडू नकोस."

भाऊ हसला. ते हसू पाहून आक्काला वाटलं, त्याने ओरडायला हवं होतं, ते सोपं गेलं असतं.

"अप्पांच्या वेळी काय म्हणाली होतीस? पुसायला घेतलं आणि हातातून सुटलं. आज डबी खाली आली. पुढच्या वेळी मांजर ठेव म्हणजे झालं."

"आपल्याकडे मांजर नाही," भावजय म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस." तो पुन्हा बहिणीकडे वळला. "अप्पांचं शेवटचं काम तू फोडलंस. चार महिन्यांत ते गेले. तरी मी तुला या घरात ठेवलं, दोन वेळा जेवू घातलं, लोक म्हणाले बहिणीचं करतो. आता माझ्या पोरीच्या पहिल्या कामावर हात टाकलास. तुला चाक नाही, म्हणून दुसऱ्या कुणालाच नको, असंच ना? संध्याकाळपर्यंत सामान आवर. मावशीकडे जा, नाहीतर कुठेही जा."

आक्काने मान हलवली. तिला वाटलं होतं, हा दिवस आला तर पायाखालची जमीन सरकेल. तसं काही झालं नाही. फक्त बशीत सांडलेला चहा तिने कपात परत ओतला, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं... चिमणीचं चाक राहिलं ना, मग बाकीचं जाऊ दे. एक लुगड्यांची पेटी आणि एक चष्मा, आवरायला असं कितीसं होतं!

पण भावाचं समाधान झालं नव्हतं. तो तरातरा आत गेला आणि पत्र्याची एक डबी घेऊन आला. तिच्यात काय आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दरवर्षी एकदोनदा, भांडण पेटलं की ती डबी निघायची.

निळ्या काचेत समोरासमोर दोन बगळे, त्यांच्यामधून सोन्याच्या तारेचं गवत, वर चंद्र म्हणून एक दुधाळ खडा. एक बगळा अप्पांनी कोरला होता आणि दुसरा आक्काने. काच पाठीमागून कोरतात. पाठीवर जे सगळ्यांत खोल जातं, ते समोरून सगळ्यांत पुढे आलेलं दिसतं. हे अप्पांनी तिला शिकवलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि तिचा हात इतका बसला की लग्नाचं वय चाकावरच निघून गेलं. घरातला धाकटा, हाच भाऊ, तेव्हा शेजारी बसून वाटीतलं पाणी थेंबथेंब चाकावर सोडायचा. कोरताना काच तापू नये म्हणून पाणी लागतं, ते काम त्याचं.

"बघ," त्याने दोन्ही पदकं शेजारीशेजारी ठेवली. "चिमणे, तूही बघ. एकाच हाताची दोन कामं."

चिमणी जवळ आली. ती बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा, भेग सारखी आहे."

"सारखी असणारच. हात तोच."

"तसं नाही. दोन्ही कडीपासून निघाल्यात. आणि पडलं म्हणता, तर सोन्याला पोचा कुठे आहे?"

भावाचा अंगठा हिरव्या पदकाच्या कडेवरून फिरला. कड चाचपून पाहायची त्याची तीस वर्षांची सवय होती. इतकं मऊ सोनं फरशीवर पडलं तर कुठेतरी दबतंच. त्याचा अंगठा एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. मग त्याने निळं पदक उचललं. इतकी वर्षं त्याने ते दाखवायला काढलं होतं, पाहायला कधीच नाही... तिथेही कड अखंड होती. फक्त कडीच्या बुंध्याशी सोनं जोडायच्या डाखाचा एक ओबडधोबड ठिपका होता, अप्पांच्या हातचा नक्कीच नव्हे असा.

"चिमणे," त्याचा आवाज खाली आला. "काल कडीला डाख दिलास?"

"कडी हलत होती, बाबा. थोडीशीच आग दिली. काचेला ओली चिंधी गुंडाळली होती. तुम्ही ठेवताना अगदी चांगलं होतं, खरंच. मला वाटलं, जमलं." ती रडायला लागली. "मी सांगणारच होते. आत्याने बोलू दिलं नाही."

भाऊ कसाबसा खुर्चीवर टेकला. ओली चिंधी... अठरा वर्षांचा असताना निळ्या पदकाची हलणारी कडी पाहून त्यालाही हीच युक्ती सुचली होती. ठेवताना तेही अगदी चांगलं होतं! काच आतल्या आत रात्रभर ताणली जाते आणि पहाटेच्या गारव्यात कधीतरी तडकते, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि त्या सकाळी बहिणीने गुन्हा कबूल केल्यावर कळून घ्यायची गरजही उरली नव्हती.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"कसं?"

"त्या वेळी टेबलाखाली चिंधी पडली होती. जळकी. मीच धुऊन वाळत घातली."

"मग बोलली का नाहीस?"

"अप्पांनी तुला घराबाहेर काढलं असतं. त्यांचा राग तुला माहीत होता. मला फक्त चाकावरून उठवलं."

"आणि नंतर? अप्पा गेल्यावर?"

"तू म्हणायचास, त्या पदकापायी अप्पा गेले. तेव्हा सांगितलं असतं तर त्यांचं जाणं तुझ्या माथी बसलं असतं. एकोणीस वर्षांचाही नव्हतास तू."

तो रडेल असं भावजयीला वाटलं. पण त्याने टेबलावर मूठ आपटली.

"तुला कुणी सांगितलं होतं हा मोठेपणा करायला? अठ्ठावीस वर्षं मी तुला नाही नाही ते बोललो. पोरीसमोर, परक्यांसमोर. तू ऐकत राहिलीस आणि मला दिवसेंदिवस नीच होऊ दिलंस. हे उपकार झाले होय माझ्यावर?"

हा घाव मात्र आक्काला लागला, कारण तो खोटा नव्हता. आपण सोसतो आहोत एवढंच तिने पाहिलं होतं. तो काय होत चालला आहे, ते तिला दिसलं होतं, तरी तिने तिकडे पाठ केली होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

तेव्हा मात्र त्याचा धीर सुटला. त्याने निळं पदक दोन्ही हातांत घेतलं, आणि त्याच्या डोळ्यांतून आलेलं पाणी बगळ्यांवर पडलं.

भावजयीनेच शेवटी पदराने ओटा पुसला. "नियमाप्रमाणे आता बाप आणि लेक दोघंही चाकावरून उठली," ती म्हणाली. "मी बसू का?"

चिमणी रडता रडता हसली. मग नाक ओढत म्हणाली, "बाबा, आणखी एक. कोरायला मला तुम्ही नाही शिकवलंत. आत्याने शिकवलं. न्हाणीघरात, साबणावर."

"तरीच," भावजय म्हणाली. "महिन्याला आठ वड्या."

भावाने पदक पुसलं आणि बहिणीपुढे धरलं. "डावीकडचा बगळा मी सगळ्यांना अप्पांचा म्हणून दाखवत आलो. मानेचं पीस न् पीस मोजता येतं. तुझा उजवीकडचा ना?"

चष्मा काढून आक्का त्याच्या काचा पुसत राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा डावीकडच्या बगळ्याकडे पाहिलं, आणि त्याला उत्तर मिळालं.

प्रदर्शनाला निरोप त्याने स्वतःच कळवला, की माझ्या घराच्या चुकीने दागिना फुटला, या वर्षी येणार नाही. मग त्याने चाकावरचं कापड झटकलं, स्टूल पुढे ओढलं आणि उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला.

"माझे हात आता कापतात," आक्का अलीकडूनच म्हणाली. "डोळ्यांनाही नीट दिसत नाही."

"काच मी धरते," चिमणी म्हणाली.

आक्काने उंबरा ओलांडला. खोली तिला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. ती स्टुलावर बसली, चाक हळूहळू घरघरू लागलं, आणि तिने मान वळवून पाहिलं, तर सेहेचाळीस वर्षांचा तिचा भाऊ शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला होता, हातात पाण्याची वाटी घेऊन.

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "थेंबथेंब सोड."