अर्ध्या मिनिटाची लाईन

"अँटेना काय मोजताय? आधी घराच्या भिंती मोजा."

पाठीमागून हा आवाज आला, आणि मावशींच्या हातातला खोका काउंटरवर टेकला तो टेकलाच. बाहेर भुरभुर पाऊस होता. दुकानाच्या दारात ग्राहकांच्या छत्र्या निथळत होत्या. दुकानातली मुलगी सहा अँटेनांचं एक काळं राउटर उलटसुलट करून दाखवत होती, आणि ते उताणं पडलेल्या खेकड्यासारखं दिसत होतं. हे सगळं मावशींना दिसत होतं, पण ऐकू येत होता तो फक्त आवाज. थोडा जुना झालेला, कडेने जरा घासलेला… पण तोच. वाक्याचं शेवटचं अक्षर किंचित लांबवणारा.

त्यांनी लगेच मागे वळून पाहिलं नाही. आधी चष्मा सारखा केला. पस्तीस वर्षं हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता, आणि चेहरा तर जन्मात पाहिला नव्हता.

तेव्हा त्या कुणाच्या मावशी नव्हत्या. टेलिफोनच्या कचेरीत तक्रारींच्या टेबलावर बसायच्या. खोलीला एकही खिडकी नव्हती. समोर भोकाभोकांचा उंच फळा, आणि दोऱ्यांच्या टोकाला पितळी पिना. कुणाचा फोन बंद पडला की लाइनमन खांबावर चढायचा, तार जोडायचा, कमरेचा फोन तारेला लावून टेबलाशी बोलायचा. कचेरीचा नियम असा, की दुरुस्त झालेली लाईन पुरतं अर्धं मिनिट ऐकायची. कारण खरखर ही मोठी लबाड. पहिले दहा सेकंद दडून बसते. म्हणून खांबावरच्या माणसाने अर्धं मिनिट काहीतरी बोलत राहायचं. अर्धं मिनिट झालं की टेबलावरून पिन ओढायची, पुढची तक्रार घ्यायची.

बाकीचे लाइनमन एक ते तीस आकडे म्हणायचे. एक जण साहेबाला शिव्या द्यायचा. आणि हा… हा वरून जे दिसतंय ते सांगायचा.

"मॅडम, समोरच्या गच्चीवर एक आजोबा कबुतरांना रागावतायत. कबुतरं ऐकत नाहीयेत."

"मॅडम, नदीवर धुकं आहे. पूल अर्ध्यातच संपलाय. एक सायकलवाला त्या धुक्यात शिरला… थांबा हं… आला, पलीकडून आला."

सहा वर्षं मावशींनी आपलं शहर असं पाहिलं, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने, दुसऱ्याच्या डोळ्यांनी. मनातल्या मनात त्यांनी त्याचं नाव खांबराव ठेवलं होतं. लाइनमनांचं ठाणं शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे गाठभेट अशी कधी झालीच नाही. पण सगळे लाइनमन त्यांना 'ताई' म्हणायचे आणि हा एकटाच चुकूनही म्हणायचा नाही, हे त्यांच्या पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं होतं. अशा गोष्टी बायकांच्या लक्षात येतातच.

मग तारा जमिनीखालून जाणार असं ठरलं. खांब निघाले, आणि खांबावरच्या माणसांच्या बदल्या. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, उद्यापासून मी नसेन. एक विचारायचं होतं… बऱ्याच दिवसांपासून… तुम्ही कधी—"

आणि अर्धं मिनिट भरलं. मावशींच्या हाताने पिन ओढली.

मनाने नाही हो, हाताने! टेबलावरच्या एकूण नऊ वर्षांची सवय. दुसऱ्याच क्षणी त्यांनी पिन परत खोचली, पण तोवर वरच्या माणसाने आपला फोन तारेवरून काढला होता. लाईन रिकामी… एकदम स्वच्छ, खरखरसुद्धा नाही. त्याने परत फोन केला नाही. घरी आई अंथरुणाला खिळलेली, धाकट्या बहिणीचं शिक्षण राहिलेलं. चौकशी कुणाकडे करणार, आणि काय म्हणून? तो अर्धा प्रश्न मात्र त्यांनी पस्तीस वर्षं जपून ठेवला. कधी काय? कोणी म्हणेल, केवढीशी गोष्ट. पण दातात अडकलेल्या तुसाला केवढंसं म्हणून चालत नाही.

तर आता मावशी वळल्या.

खांबराव खांबाएवढा उंच असेल असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. निघाला जेमतेम त्यांच्या कानाएवढा! पांढरे भुरभुरीत केस, खिशाला तीन पेनं, आणि डोळे असे, की जणू अजून काहीतरी लांबचं बघताहेत.

"टॉवरकाका, आलात परत फुकटचे सल्ले द्यायला?" दुकानातली मुलगी म्हणाली. "माझं गिऱ्हाईक पळवू नका हं."

"पळवत नाही, वाचवतोय. हा खेकडा यांना कशाला? यांना काय लढाया खेळायच्यात?" मग मावशींकडे वळून, एकदम मऊ आवाजात, "कुठपर्यंत पोचायला हवंय तुम्हाला?"

मावशींनी तोंड उघडलं, आणि काही उमटलंच नाही. लाजेने वगैरे नाही. तीन दिवसांच्या सर्दीने घसा पार बसला होता. देवाला थट्टा करायची हौस असते ती अशी. ज्या बाईने आयुष्यभर आवाजावर भाकरी कमावली, तिला नेमका आजच आवाज नव्हता.

"वरच्या खोलीपर्यंत," त्या कशाबशा कुजबुजल्या. "भाची घरूनच काम करणार आहे… सोमवारपासून. वर काहीच येत नाही."

"भिंती?"

"जुन्या आहेत. जाड."

"मग खोका घेऊच नका आज. घर न बघता राउटर घेणं म्हणजे पाय न मोजता चप्पल घेणं. मी येतो उद्या. मोजून देतो. नंबर सांगा."

मावशींनी कुजबुजत नंबर सांगितला. त्याने लिहून घेतला, आणि लिहून झाल्यावरही कागदाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. त्याने आपल्याला ओळखलं नाही, हे पाहून मावशींना हायसं वाटलं… आणि का कोण जाणे, थोडा रागही आला.

दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन हजर. चौकटीच्या कागदावर अख्खं घर काढलं त्याने. भिंत इतकी, जिना तितका. जिन्याच्या वळणावर आईचं लोखंडी कपाट होतं, दाराला माणसाएवढा आरसा. तिथे त्याने लाल फुली मारून लिहिलं : शत्रू.

"काका, कपाटाने तुमचं काय वाकडं केलं?" भाचीने विचारलं. ही भाची म्हणजे धाकट्या बहिणीची लेक, जिभेला हाड नाही.

"लोखंड आणि आरसा. लहरी येतात, आपटतात आणि आल्या वाटेने परत जातात. आत काय आहे ते कळतच नाही." तो मावशींकडे न बघता म्हणाला. "काही माणसंही असतात अशी."

मावशी चहाचे कप पुसत होत्या. पुसलेलाच कप त्यांनी परत पुसला.

मग त्याने दोन पट्ट्यांची गंमत सांगितली. चांगल्या राउटरमध्ये लहरींचे दोन पट्टे असतात. एक भारी वेगाने धावतो, पण दुसऱ्या भिंतीशीच त्याला धाप लागते. दुसरा सावकाश जातो, पण लांब जातो, भिंती ओलांडतो.

"तुम्ही कुठल्या पट्ट्यातले, काका?"

"दुसऱ्या," तो म्हणाला. "उशीर होतो… पण पोचतो."

चहा घेताना कळलं, की त्याची बायको सात वर्षांपूर्वी गेली, मुलगा परदेशात असतो. "चांगली होती," तो बायकोबद्दल म्हणाला. इतकंच. मावशींना ते आवडलं. गेलेल्या माणसाबद्दल जो लांबण लावत नाही, तो खरं बोलतो.

तिसऱ्या दिवशी तो परत आला. जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या राहिल्या होत्या म्हणे.

"पायऱ्यांचा काय संबंध?" तो गेल्यावर भाची म्हणाली. "राउटर काय पायऱ्या चढून वर जाणार आहे? मावशी, हे गृहस्थ इतकं घर मोजतायत, विकत घेणार आहेत का?"

"गप ग."

"आणि तू का कुजबुजतेस त्यांच्यासमोर? सकाळी तर दूधवाल्याशी तारस्वरात भांडलीस!"

खरंच होतं. घसा कालच सुटला होता. पण मावशी भीत होत्या. आवाज ऐकला तर तो ओळखेल. आणि ओळखून म्हणाला, 'कोण? आठवत नाही बुवा', तर? पस्तीस वर्षं जपलेलं अर्धं वाक्य एका क्षणात कचऱ्यात जायचं. त्यापेक्षा कुजबुजलेलं बरं.

रविवारी दुपारी तो राउटर घेऊन आला. खेकडा नव्हे, साधी पांढरी जोडी. एक नग खाली, घराच्या मधोमध, उंच फळीवर. त्याचा जोडीदार जिन्याच्या वळणावर, पहिल्याचा निरोप उचलून वर द्यायला. भाचीने आणि त्याने मिळून कपाट सरकवलं. मागच्या भिंतीवर कपाटाच्या आकाराचा जुना रंग निघाला, फिकट निळा, मावशींच्या तरुणपणचा. भाची चहा टाकायला आत गेली.

"आता चाचणी," तो म्हणाला. "मी वरच्या खोलीतून या नव्या वायफायवरूनच फोन लावतो. तुम्ही खालीच थांबा."

पावलं जिन्याने वर गेली. खिडकीबाहेर पाऊस झिमझिमत होता. मावशी टेबलाशी बसल्या. फोन वाजला.

"आवाज येतोय का?"

अगदी तसंच. तोच लांबवलेला शेवट. कुजबुजणं सोपं होतं. पण मावशींची पाठ आपोआप ताठ झाली, हनुवटी वर आली, आणि तक्रारींच्या टेबलावरचा तो जुना, स्वच्छ आवाज त्यांच्या तोंडून निघाला :

"येतोय. बोलत राहा."

वर शांतता. एक… दोन… तीन… मावशी मोजत होत्या.

"मॅडम," तो म्हणाला. "समोरच्या गच्चीवर दोन खुर्च्या आहेत. एक छपराखाली, एक पावसात. एक मांजर कोरडी खुर्ची सोडून ओल्या खुर्चीखाली बसलंय. मांजरांना अक्कल असते म्हणतात… याला नसावी. लांब, गावाबाहेरची टेकडी दिसतेय. अर्धी. वरची अर्धी ढगात आहे."

"दिसली," मावशी म्हणाल्या.

"मॅडम, अर्धं मिनिट होत आलं."

"माहीत आहे मला."

"मागच्या वेळी—"

"मागच्या वेळी हात चुकला. मी पिन लगेच परत लावली होती. तुम्ही नव्हता."

"मला वाटलं, ते उत्तर होतं," तो म्हणाला. "म्हटलं, बाई सज्जन. नाही म्हणून दुखवण्यापेक्षा फोन ठेवला."

"इतकी सज्जन नाहीये मी."

तो हसला. ते हसणं मात्र मावशींनी पहिल्यांदाच ऐकलं. कचेरीच्या लाईनवर हसायला वेळ नसायचा.

"आणि मला कधी ओळखलंत? आत्ता?"

"दुकानातच."

"खोटं! घसा बसला होता माझा."

"नंबर सांगितलात ना. तक्रारींचे नंबर सांगायचात तसंच, दर दोन आकड्यांनंतर थांबत होतात, समोरच्याचं लिहून होईपर्यंत. एवढी वाट जगात कोणी बघत नाही आता."

"मग चार दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुजबुजत होता. म्हटलं, ओळख द्यायची नसेल. म्हणून पायऱ्या मोजत बसलो."

आतून कपबश्यांचा आवाज आला आणि थांबला. भाची कान देऊन उभी असणार. असू दे. मावशींचा उजवा हात टेबलावरून अलगद वर उठला, हवेत पुढे गेला आणि बोटं मिटली. जुनी सवय. पण बोटांत काही आलं नाही. या नव्या यंत्राला ओढायला दोरीच नव्हती. मावशींनी त्या रिकाम्या मुठीकडे पाहिलं, आणि हात परत मांडीवर ठेवला.

"विचारा," त्या म्हणाल्या. "तेव्हा अर्धंच राहिलं. 'तुम्ही कधी'… पुढे काय?"

"फार मोठं नव्हतं हो." तो अडखळला. "तुमच्या खोलीला खिडकी नाही असं कुणीसं म्हणालं होतं. मला विचारायचं होतं… तुम्ही कधी त्या टेकडीवर आला आहात का? तिथून सगळं दिसतं. पूल, गच्च्या, मी सांगायचो ते सगळं. म्हटलं, एखाद्या रविवारी… स्वतःच्या डोळ्यांनी…"

मावशींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तरी समोरची खिडकी धूसरच राहिली.

"आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

"रविवार."

"टेकडी अर्धीच दिसतेय म्हणालात?"

"वर पोचेपर्यंत ढग हटेल. नाही हटला, तर थांबू. थांबायची सवय आहे मला."

"मग वर काय करताय? खाली या. छत्री एकच आहे घरात, आधीच सांगते."

"चालेल. मी उंच नाहीये फारसा."

"ते बघितलं मी," मावशी म्हणाल्या, आणि तीस वर्षांच्या बाईसारख्या खुदकन हसल्या.

वर दार वाजलं. पावलं जिन्याच्या वळणावर आली, निळ्या भिंतीपाशी, जिथे आज दुपारपर्यंत कपाट होतं. फोन त्याच्या कानाला, फोन यांच्याही कानाला. "येतोय," तो म्हणाला, आणि तो शब्द मावशींना दोनदा ऐकू आला, एकदा फोनमधून, एकदा जिन्यावरून.

फोन मात्र दोघांपैकी कोणीच ठेवला नाही.