सात नंबरची पेटी

लष्करानं विधवा म्हणून आईला दिलेलं क्वार्टर पाचच्या आत रिकामं करून किल्ली द्यायची होती, म्हणून लेकीनं दुपारीच ट्रक बोलावला. आईला जाऊन महिना झाला होता. रडून झालं होतं. आता उचलाउचल उरली होती, आणि त्यात ही सासष्ट वर्षांची बाई कुणाला हार जाणारी नव्हती. लष्करातल्या माणसाची मुलगी. बाराखडी यायच्या आधी तिला सुतळीची गाठ मारता येत होती.

आईनं चोवीस घरं मांडली आणि तेवीस मोडली; शेवटचं लेकीच्या वाट्याला आलं. लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची, गेली तेव्हा एक्क्याण्णव. नवरा हुकूम निघाला की पुढे जायचा; ही मागून पोरं आणि पेट्या घेऊन. पडद्यांना खाली वीतभर कापड दुमडून ठेवायची. खिडकी लांब निघाली तर उसवायचं, आखूड निघाली तर पुन्हा टाके. लेक झाली तेव्हा नवरा सीमेवर, सामान अर्धं बांधलेलं, आणि सुईण पेटीवर बसलेली. असल्या कामाला कुणी पदक देत नाही.

पेट्या नऊ, लोखंडी. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं आईच्या हातचा आकडा. दर बदलीला आकड्यांवर नवा हात फिरायचाच. सातचं शेपूट ती उगाच लांब काढायची. ट्रकात पेट्या आकड्यानंच लागायच्या आणि आई खाली उभी राहून मोठ्यानं मोजायची.

सातवी पेटी धाकट्या मुलानं नेली. तोही बापासारखा लष्करात गेला आणि चोविसाव्या वर्षी बेपत्ता झाला. दोन अधिकारी टोप्या काखेत धरून सांगायला आले. आईनं त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही.

"माणूस सापडत नाही, मान्य. पेटी कशी हरवते? नंबर आहे तिच्यावर!"

पुढे चार बदल्या झाल्या. चारही वेळा सहा आणि आठच्या मधे एका पेटीची जागा मोकळी राहिली. हमाल हसायचे. आई मोजायची, "पाच, सहा… सात येतेय… आठ."

शेवटच्या आठवड्यात तिनं लेकीचं मनगट धरलं. "सातची जागा सोडशील ना?"

"सोडीन गं."

मरणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार? पण ते वाक्य लेकीला अजून बोचत होतं. अकरा वर्षं सांभाळलं हिनं, हगणंमुतणं काढलं हिनं, आणि जाताना जागा मागितली ती त्याच्यासाठी.

सकाळी तिनं पेट्या मोजल्या होत्या. आठ. दुपारी त्या चढल्या, आणि थोरल्या हमालानं वरून विचारलं, "मावशी, मधे हा खड्डा कशाला? पेट्या घसरतील ना."

सवयीनं तिनंच सोडायला लावला होता तो. तिनं त्या खड्ड्याकडे पाहिलं. मग आवाज चढवूनच म्हणाली, "शिलाईचं मशीन ठेव तिथे. झालं ते पुष्कळ झालं."

मशीन चढलं. आईचा रंगाचा डबा तिनं कचऱ्यात फेकला. आत रंगाचा दगड झालेला, आणि त्यात ब्रश उभाच्या उभा रुतलेला.

मग क्वार्टर ताब्यात घ्यायला कारकून आला. त्याच्याबरोबर ती खोल्याखोल्यांतून फिरली. बल्ब किती, नळ किती, खुंट्या किती. मागच्या खोलीत ती थबकली.

"शेजारी रंगकाम काढलंय का हो?"

"शेजारचं घर बंद आहे, बाई." त्यानंही नाक वर केलं. "पण वास येतोय खरा…"

बाहेर लोखंडी कडी खणखणली. मग फरशीवर काहीतरी जड घासत गेलं… घासतच गेलं… आणि थांबलं.

"ओढू नका म्हणून बजावलं होतं मेल्यांना," ती पुटपुटली. पण बघायला गेली नाही; खुंट्या पुन्हा मोजू लागली.

सह्या करून बाहेर आली, तर ट्रकाला दोर आवळलेले आणि शिलाईचं मशीन पायरीवर.

"हे खाली का?"

"पेटी आल्यावर कुठे मावणार? काढावंच लागलं," थोरला घाम पुसत म्हणाला. "काय जड हो! दगड भरलेत का?"

"कुठली पेटी?"

"दाराशी होती ती. नववी."

"आठच आहेत," ती हळू म्हणाली.

"नऊ चढवल्या की! विचारा याला, दुसऱ्या कडीला हाच तर होता."

धाकटा हमाल टपावरून वाकला. "मी? मी वर दोर टाकत होतो… मला वाटलं, ड्रायव्हर आहे."

ड्रायव्हर केबिनमधे तोंड उघडं टाकून घोरत होता.

"सोडू का दोर, मावशी? बघताय?"

तिनं ताडपत्रीकडे पाहिलं. तिला बघायचं होतं, आणि नव्हतंही.

"नको," ती शेवटी म्हणाली. "कुठे लावलीस?"

"सहाच्या शेजारी."

"मग राहू दे." तिनं मशीन उचललं. "म्हणजे हे धूड आता माझ्याच मांडीवर!"

थोरला हमाल केबिनचं दार उघडायला वळला. त्याच्या निळ्या सदऱ्यावर, जिथे पेटी पाठीला टेकली असणार तिथे, पांढरा आकडा उमटला होता. आरशात दिसावा तसा उलटा सात, शेपूट उगाच लांब.

तिनं बोट लावलं.

रंग ओला होता.