पेंडल टेकडी आणि आयव्हीचा जोकर

‘ब्लॅक रॅम’ पबमधल्या गेल्या रविवारच्या प्रश्नमंजूषेचा लिफाफा कुणीतरी आधीच फोडला होता, आणि आळ आला होता विधवा आयव्ही पिकपवर. आठवड्यातून एवढी एकच संध्याकाळ ती माणसांत बसायची. तीही जाणार, म्हणून या रविवारी खेळाआधी तिने खासगी गुप्तहेर ईडिथ ऑर्मरॉडला बोलावलं. सोबत तिचा मदतनीस डक्सबरी होताच. पब म्हटल्यावर तो मागे कसला राहतोय!

“आयव्हीवरच संशय का?” ईडिथने विचारलं.

“गावा-डोंगरांच्या नावांच्या फेरीत दहापैकी दहा,” प्रश्न काढणारे विल्फ्रेड म्हणाले. “पेंडल टेकडीच्या नावाचा अर्थ शोधताना माझा घाम निघाला. या बाईने झटक्यात लिहिला.”

“तिचा जोकर कुठे होता?”

डक्सबरीचा चेहरा कोरा. विल्फ्रेडनी समजावलं, “खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाने एका फेरीवर जोकर लावायचा. त्या फेरीचे गुण दुप्पट. आयव्हीने गाण्यांवर लावला, नेहमीसारखा. दोनच चाली ओळखल्या.”

“लिफाफा मी पाहिलासुद्धा नाही हो,” आयव्ही म्हणाली.

ईडिथ विजेत्या लेनर्ड शटलवर्थच्या टेबलाशी गेली. “तुमचा जोकर?”

“काय? मोठ्याने बोला. कानातलं यंत्र इथे शिट्ट्या मारतं, म्हणून दर रविवारी घरीच ठेवतो.”

तिने ओरडून विचारलं.

“गाण्यांवर! दहाला दहा. आणि त्या बाईला आधी बाहेर काढा.”

ईडिथ परत आली. “डक्सबरी, प्रश्न फोडलेला माणूस जोकर कुठे लावेल?”

“पैकीच्या पैकी मिळतील तिथे.”

“मग आयव्हीने नावांवर लावला असता. आणि ज्याला शेजारचं बोलणं ऐकू येत नाही, त्याने दहा चाली ओळखल्या. कानांनी तर नक्कीच नाही.”

सगळ्यांच्या माना लेनर्डकडे वळल्या. तो निवांत बिअर पीत होता.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“चोराच्या उलट्या बोंबा,” डक्सबरी पुटपुटला.

विल्फ्रेड ओशाळले. “माफ कर, आयव्ही. पण पेंडलचं तुला कसं ठाऊक?”

आयव्ही खिडकीबाहेर पाहू लागली. “माझा नवरा आर्थर मला तिथे फिरायला न्यायचा. सांगायचा, पहिल्या लोकांनी तिला नुसतं टेकडी म्हटलं. दुसरे आले, त्यांना ते नावच वाटलं; त्यांनी मागे आपल्या बोलीतली टेकडी जोडली, झालं पेंडल. मग आपण आलो, आपणही जोडली. टेकडी टेकडी टेकडी.”

डक्सबरी त्या टेकडीच्या सावलीत वाढला होता. इतक्या पिढ्या तिच्याकडे बोट दाखवून एकच गोष्ट म्हणत आल्या, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला.

“आणि जोकर गाण्यांवर का?” त्याने हळूच विचारलं.

“गाणी आर्थरची. मला एक चाल धड कळत नाही.” तिने डोळे टिपले. “पण जोकर त्याचाच लावायचा.”

विल्फ्रेडनी तिच्यासाठी खुर्ची ओढली, आणि तिचा आजचा जोकर न विचारताच गाण्यांवर ठेवला.