पांढरी पाटी, कोरडा फडका

फोन आला तेव्हा तपासनीस बाईंनी एवढंच सांगितलं, "टाकीला झाकण लावून सील करा. आत कुणी फुंकरसुद्धा मारू नका."

सकाळी त्या उच्चदाब प्रयोगशाळेत पोचल्या, तेव्हा माणूस नेलेला होता. टाकी तेवढी होती. खोलीएवढी लांब, लोखंडी. चाचणीच्या वेळी आत दाबाखाली गॅस, मधोमध वीज वाहून नेणारा दांडा आणि त्याला दोन्ही टोकांना धरून उभे असलेले परातीएवढे दोन इन्सुलेटर. काल चार वाजता फिटरनं गॅस काढून झाकण उघडलं, डावा इन्सुलेटर पुसायला हात घातला आणि तो मचाणावरून पाठीमागे पडला. डोकं फरशीवर आपटलं, जागीच गेला. बावीस वर्षं नोकरी झाली होती.

"अर्थिंगची काठी लावली नसणार," प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणाला. "दांड्यात वीज शिल्लक राहिली. काठी लावायचं काम हिचं."

ही म्हणजे फिटरचीच मुलगी, इथं चाचण्या घेणारी. आणि प्रमुख तिचा सख्खा मामा.

"काठी तर लावलेली दिसतेय," बाई म्हणाल्या.

"ती मी नंतर लावली. झाकण लावायला मचाणावर चढलो, त्याच्या आधी."

"मामा, मी लावली होती." मुलीचा आवाज असा, की तिचा तिलाच भरवसा नव्हता.

"होते गं चूक, बाळा. कुणी तुला काही म्हणणार नाही." मामानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कालपासून तो हेच म्हणत होता, आणि कालपासून तिला ते थोडं थोडं पटत चाललं होतं.

बाईंना ही माया काही पचेना. सोमवारी फिटरनं त्यांना फोन केला होता. 'मॅडम, तीन इन्सुलेटरांच्या पोटात हवेचे बुडबुडे आहेत, तरी माल पास होतोय. मी सही देणार नाही. तुम्ही येऊन बघा.' गुरुवारी येते, असं त्या म्हणाल्या होत्या. आज गुरुवार होता.

त्यांनी मचाण पाहिलं. मागच्या कठड्याची साखळी गायब.

"साखळी कुठंय?"

"रंगाला दिलीय," प्रमुख म्हणाला.

"कधी?"

"काल सकाळी."

फिटरच्या मुठीतला फडका पाकिटात ठेवला होता. कोरडा ठणठणीत. फाटकावर पांढरी पाटी.

"पांढरी म्हणजे काय गं?"

"एसी चाचणी," मुलगी म्हणाली. "उलटसुलट होणारी वीज. ती मागे काही ठेवत नाही, हातानं कोरडं पुसलं तरी चालतं. लाल पाटी म्हणजे डीसी, एकाच दिशेची. मग एक दिवस थांबायचं आणि अर्थिंगच्या काठीला ओला फडका बांधून, लांबून पुसायचं. बाबांनीच शिकवलं मला."

"आणि काल?"

"एसीच. दहाला संपली. मग मामांनी सगळ्यांना सुरक्षेच्या व्याख्यानाला पाठवलं, दोनपर्यंत."

"सगळ्यांना?"

"मामा सोडून."

"डीसी संचाची किल्ली?"

"माझ्याकडे असते," प्रमुख म्हणाला. "पण काल डीसी झालीच नाही. नोंदवही बघा."

"बघितली. अक्षर सुरेख आहे तुमचं." बाईंनी सील तोडून झाकण काढायला लावलं. "साहेब, काठी आपल्यासमोर लावलेली आहे. त्या उजव्या इन्सुलेटरवरून जरा हात फिरवता?"

"कशाला?"

"काल एसीच झाली ना?"

"खांदा धरलाय माझा."

"बरं. मग भाची फिरवेल."

मुलगी लगेच पुढे झाली. हात लांबवला. मामा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला.

बोटभर अंतर उरलं, तेव्हा बाईंनी तिचं मनगट धरलं.

"स्वतःचा हात घालवेना," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि भाचीचा जात होता तर तुम्हाला वेळ बघायची होती."

प्रमुखाच्या ओठांवर घाम आला.

बाईंनी पर्समधून पावडरचा डबा काढला आणि डाव्या इन्सुलेटरवर लांबून भुरका उडवला. उभ्या पृष्ठभागावरून पावडर खाली पडायला हवी होती. ती चिकटली. फांद्या फुटल्यासारखी नक्षी उमटत गेली.

"काठी दांड्यातली वीज काढते. इन्सुलेटरच्या अंगावर बसलेली काढत नाही, कारण त्याच्यातून वीज वाहतच नाही. एसीनं अशी बसत नाही, डीसीनं बसते आणि तासन्‌तास राहते. सगळे व्याख्यान ऐकत होते तेव्हा तुम्ही डीसी लावलीत, पाटी पांढरीच ठेवलीत. झटका जीव घेण्याइतका नव्हता, दचकवण्याइतका होता. उरलेलं काम साखळी काढून केलंत. सही न देणारा मेव्हणा गेला, आणि दोष घ्यायला त्याची लेक होतीच."

"ताईला सांगू नका," प्रमुख म्हणाला. त्याला एवढंच सुचलं.

"त्या बाहेर बसल्यात. कठड्याची साखळी पोलिसांना तुमच्या गाडीत सापडली, ती त्यांनीच ओळखली. नवऱ्याला जेवणाचा डबा द्यायला इथं यायच्या ना, रोज बघायच्या ती."

बाहेर थांबलेले पोलीस शिपाई त्याला घेऊन गेले. मुलगी टाकीपाशीच उभी होती. नक्षीच्या मधोमध एक जागा कोरी राहिली होती, पावडर न धरलेली. पाच बोटं, तळवा. फडका दुसऱ्या हातात होता; जिथं हा मोकळा हात टेकला तेवढीच वीज उतरली होती.

"म्हणजे मी काठी लावली होती," ती म्हणाली.

"लावली होतीस. झटका दांड्यातून नाही, इथून बसला."

फोटो काढून झाले. टाकी पुसायला हवी होती. बाई कुणाला तरी हाक मारणार, तोच मुलीनं फडका भिजवला, काठीला बांधला, अर्थिंगची तार जोडली. मग ती जोडलीय की नाही, ते दोनदा ओढून पाहिलं.

"सगळं पुसलं जाईल गं," बाई म्हणाल्या.

"हो," ती म्हणाली आणि कडेकडेनं पुसायला लागली. हाताची जागा तिनं शेवटी ठेवली.