पितळी पाटी

खंडेनवमीच्या सकाळी आंबिवलीच्या त्या बंद सूतगिरणीत झेंडूचा आणि जुन्या तेलाचा वास एकत्र दरवळत होता. गिरणीचे आता संग्रहालय झाले होते आणि इतिहासाचे गाढे व्यासंगी श्रीपादराव त्याचे संचालक होते. यंत्रे मुकी झाली तरी त्यांची पूजा चुकवायची नाही, हा दंडक त्यांचाच.

कापूस पिंजण्याच्या यंत्रापाशी हौसाबाई उभ्या होत्या. त्यांच्या नवऱ्याला, धाकूला, याच यंत्राच्या पट्ट्याने ओढून घेतले होते. त्याचे नाव यंत्राच्या पितळी पाटीवर कोरू, असा शब्द श्रीपादरावांनी त्यांना दिला होता. परंतु गिरणीच्या वारसांनी जागा देताना अट घातली, अपघाताचा उल्लेख नको. श्रीपादरावांनी मान तुकवली. पाटीवर यंत्राचे नाव तेवढे आले. खालचे पितळ कोरेच राहिले.

“साहेब, यांचं नाव आलं ना पाटीवर? मला कुठं वाचता येतंय! तुम्ही वाचा, मी ऐकते. माझ्या तोंडी तर ते जन्मात यायचं नाही.”

श्रीपादरावांनी कोऱ्या पितळेवर बोट ठेवले आणि वाचल्यासारखे उच्चारले, “धाकू राघो भोईर.”

म्हातारीने त्याच जागी कुंकवाचे बोट टेकले. “बरं झालं, देवा. आता मी मेले तरी चालंल.”

त्या पाठमोऱ्या झाल्या, तरी श्रीपादरावांना मान वर करवेना. त्या अंधाऱ्या कोपऱ्यात बोटाखालचे पितळ मात्र कोणाच्या तरी कपाळासारखे उबदार लागत होते.

दुपारी घोडबंदर रोडकडचे एक कुटुंब आले. “अगं, वाच ना, धाकू राघो भोईर. बिचारा!” बाईंचा आवाज ऐकून श्रीपादराव लगबगीने पुढे झाले.

पितळ कोरे होते.

“सर, मानलं तुम्हाला,” त्यांची सहायक समीक्षा हसत म्हणाली. “मला वाटलेलं, तुम्ही वारसांना घाबरलात!”

“कुठे आहे नाव?”

“हे काय, कुंकवाखाली. चष्मा बदला हं, सर.”

त्यांना दिसत होते गुळगुळीत पितळ, आणि कुंकवाचा एक ठिपका.

लाज लपवायला जागा हवी म्हणून ते आपल्या कार्यालयाकडे वळले. दारावर त्यांच्या नावाची पाटी होती.

तीही कोरी होती.

त्यांनी बोट फिरवून पाहिले. अक्षराची खूण नव्हती. पितळ थंडगार होते.

मागून पावले वाजली. किल्ल्यांचा जुडगा घेऊन समीक्षा आली, त्यांच्याकडे पाहून थबकली.

“काका,” ती अदबीने म्हणाली, “कोण हवंय आपल्याला?”