हाताने बदल करू नये

तीन तास खपून मी ॲपच्या पहिल्या पानाचा निळा रंग जमवला होता, आणि त्याने एक बटण दाबून तो घालवला.

कामावरचा माझा तिसरा दिवस. तो शेजारच्या खुर्चीतला, चष्मेवाला. सगळे त्याला साचेराव म्हणत. माझ्या संगणकात काहीतरी अडलं म्हणून मीच त्याला बोलावलं होतं. तो वाकला, एक आज्ञा दिली, पडद्यावर ओळी सरसर धावल्या… आणि माझा निळा गेला तो गेलाच.

"अहो, काय केलंत हे?"

"काही नाही. फायली नव्याने तयार केल्या."

"माझे तीन तास गेले त्यात."

त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. पुढे मला कळलं, शब्द सापडेनासे झाले की तो हेच करतो. "वरची ओळ… वाचली नव्हती का तुम्ही?"

वरची ओळ. अशा प्रत्येक फायलीच्या डोक्यावर ती असते: 'ही फाईल यंत्राने तयार केली आहे. हाताने बदल करू नये.' आता असल्या ओळी कोण वाचतं, मला सांगा.

मग त्याने मला समजावलं. आमच्याकडे कुठलंही नवं ॲप शून्यातून सुरू होत नाही. एक साचा आहे, त्यावरून यंत्र चारशे-पाचशे फायली भराभर काढून देतं. त्या फायलींत हाताने काही लिहिलं तर पुढच्या खेपेला ते पुसलं जातं. बदल करायचा तर साच्यात करायचा. साचा सगळ्यांच्या सामायिक भांडारात असतो आणि तिथे प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. यंत्राने काढलेल्या फायली मात्र तिथे ठेवायच्याच नाहीत. त्या चुकून जाऊ नयेत म्हणून एक वगळायची यादी असते.

"म्हणजे इतक्या फायली रोज बनणार आणि रोज जाणार? वाईट नाही वाटत तुम्हाला?"

"मूळ आपल्याकडे असलं की काय जातं? परत तयार होतं."

"बोलायला काय जातंय. तीन तास तुमचे नव्हते ना."

तो हसला… अगदी गालातल्या गालात. मी दिवसभर रागावून राहायचं ठरवलं होतं, पण दुपारच्या चहापर्यंतसुद्धा ते टिकलं नाही.

तीन महिने आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी डावखुरी, हे त्याने कधी टिपलं कोण जाणे, पण चहा आणला की माझा कप तो डावीकडे ठेवायचा. खिडकीवर भुरभुर पाऊस असला की मी काम सोडून काचेकडे बघत बसायची, आणि वळून बघितलं तर तो घाईघाईने काहीतरी टाईप करत असायचा.

"एवढं काय लिहिता हो सारखं?"

"कुठे काय… तपासतोय."

आणि इतकं सगळं असून 'तुम्ही'. अख्खं ऑफिस मला अगं-तुगं करतं, हा एकटा 'तुम्ही, तुम्ही'. माझाही मग हट्ट. त्याने सुरुवात केल्याशिवाय मीही 'तू' म्हणणार नव्हते.

मग एका सोमवारी आमच्या ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी त्याला बोलावलं. दूरच्या शहरात कंपनीचं नवं ऑफिस निघत होतं आणि तिथे साचा सांभाळायला तो हवा होता. जायचं की नाही, हे त्याने शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. इथला साचा माझ्याकडे येणार होता.

"जाणार का मग?" मी विचारलं. स्वतःच्या आवाजाचं मला कौतुक वाटलं, इतका तो साधा आला.

"इथे… अडवणारं कोणी नाही," तो म्हणाला आणि चष्मा पुसत बसला.

मी होते ना. समोरच होते, हातभर अंतरावर. पण एरवी चुरुचुरु चालणारं माझं तोंड नेमकं तेव्हा शिवल्यासारखं झालं.

बुधवारी त्याने मला साच्याचा कोपरा न् कोपरा दाखवला. गुरुवारी सकाळी मी वगळायची यादी साफ करायला घेतली. लक्ष धड नव्हतंच. एक ओळ दोनदा आल्यासारखी वाटली, ती उडवली. आमच्याकडे दुसऱ्याने 'मान्य' केल्याशिवाय भांडारात काही जात नाही. मान्य कोणी केलं? त्यानेच, न बघता. त्याचंही लक्ष कुठे होतं देव जाणे.

दुपारी त्याचा एक बदल माझ्याकडे तपासायला आला. छोटासाच असायला हवा होता. उघडला तर अकरा हजार सहाशे ओळी. मी कपाळावर हात मारला. मी यादीतली नको ती ओळ उडवली होती आणि त्याच्याकडच्या यंत्राच्या सगळ्या फायली आत घुसल्या होत्या.

परत पाठवायला बटणाकडे गेले आणि थबकले. 'हाताने बदल करू नये' याच्या बरोब्बर खाली, यंत्राची नसलेली एक नोंद होती.

'आज तू पिवळा स्वेटर घातलायस. यादी साफ करताना ओठ चावतेस. तू एकदा जाऊ नकोस म्हणालीस तर मी खुर्चीसुद्धा हलवणार नाही. पण तू म्हणणार नाहीस आणि माझ्याच्याने विचारवत नाही. संध्याकाळी यंत्र चालवेन, रोजच्यासारखं हेही पुसलं जाईल.'

रोजच्यासारखं… मी तो एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचला. म्हणजे पावसाच्या त्या सगळ्या दुपारी तो हे लिहीत होता आणि संध्याकाळी पुसत होता. मला इतका आनंद झाला आणि त्या गेलेल्या ओळींचं इतकं वाईट वाटलं, की डोळे भरून आले.

तेवढ्यात तो आलाच, चेहरा पांढराफटक. "तो बदल… चुकून आलाय. तुम्ही उघडला नाही ना?"

"उघडला की. अकरा हजार ओळी आहेत."

"वाचल्यात?"

"अकरा हजार ओळी कोण वाचतं?" मी म्हणाले.

त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि खांदे मात्र पाडले. मी बदल परत पाठवला, यादीतली ओळ जागेवर ठेवली. सांगायचं होतं मला, पण असं चोरी पकडल्यासारखं नव्हतं सांगायचं.

घरी ताईला सगळं सांगितलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "दिवसभर आमच्याशी भांडतेस, आणि दोन शब्द बोलायला जीभ जड होते होय? नाही बोलवत तर लिही बाई. तुम्ही दोघं तसलेच."

शुक्रवारी मी तासभर आधी पोहोचले. तो आला तेव्हा त्याच्या पडद्यावर माझा एक बदल वाट बघत होता.

"शेवटची तपासणी," मी म्हणाले. "साच्यावरून नवं ॲप काढून बघा, बरोबर निघतंय का."

त्याने आज्ञा दिली. नव्या ॲपच्या पहिल्या पानावर नेहमी 'नमस्कार, इथून सुरुवात करा' असं येतं. आज निळ्या अक्षरांत, माझ्या त्याच निळ्या रंगात, आलं:

'जाऊ नकोस. इथून सुरुवात करू.'

तो बघत राहिला. मग त्याने सगळ्या फायली पुसल्या आणि यंत्र पुन्हा चालवलं. तेच आलं. तिसऱ्यांदाही तेच.

"हे…"

"साच्यात लिहिलंय," मी म्हणाले. आता मागे फिरायचं नव्हतं. "कितीही वेळा चालव. नाही पुसलं जाणार."

चष्मा हातात तसाच राहिला. "तू वाचलंस."

तू… किती दिवस वाट बघितली होती मी या एका अक्षराची. "एवढीच ओळ वाचली. बाकीच्या अकरा हजार नाही."

त्याने 'मान्य'चं बटण दाबलं. शेजारच्या चौकटीत शेरा लिहिला, 'जात नाही', आणि उठून मॅडमना तेच सांगून आला.

दुपारी आम्ही ती ओळ काढून जुना नमस्कार परत घातला, नाहीतर सगळ्या ॲपमध्ये 'जाऊ नकोस' आलं असतं आणि मॅडमनी दोघांनाही घालवलं असतं. पण भांडाराच्या इतिहासात ती आहे. माझी ओळ, त्याखाली त्याचा शेरा.

संध्याकाळी बाहेर भुरभुर होती. एकाच छत्रीत चालताना मी म्हणाले, "तीन महिने लिहिलंस आणि पुसलंस. माझं किती नुकसान केलंस, ठाऊक आहे?"

"काही गेलेलं नाही," तो म्हणाला. "मूळ आहे ना माझ्याकडे."

"मग सांग. पहिल्या दिवसापासून, सगळं."

छत्री त्याने माझ्या बाजूला जरा अधिक कलती केली. "पहिल्यांदा लिहिलं त्या दिवशी… तू माझ्यावर ओरडलीस. तुझ्या बोटाला शाई लागली होती, डाव्या हाताच्या," त्याने सुरुवात केली, आणि मी पावलं हळू टाकायला लागले.